सुनंदाची दुरुस्ती

‘ताई, सुनंदा गेली...’ एवढंच तिचा भाऊ फोनवर बोलू शकला. आदल्याच आठवड्यात ती कावीळ उतरतेय म्हणून सांगत होती.

पुण्यातल्या एका कंपनीत आम्ही दोघी कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर काम करायचो. वडिलांना अर्धांगवायू झाला तशी ती आपल्या गावी, तेरला परतली आणि घरूनच काम करू लागली. तेव्हा आमच्याकडं पत्रा कापणाऱ्या एका यंत्राचं काम होतं. ते चालता चालता मधेच अडखळायचं. मोटर सांभाळायला एक प्रोसेसर राखून ठेवला होता. नेटवर्कचे इंटरप्ट, म्हणजे ‘आधी इकडं बघ’ अशा हाका, दुसऱ्या प्रोसेसरकडं वळवले होते. तरी अडखळणं थांबेना. सुनंदानं शोधलं, की हाक वळली, पण त्या हाकेमागचं जड काम उरकणारा थ्रेड राखीव प्रोसेसरवरच ठाण मांडून आहे. इंटरप्ट हलला की त्याचा थ्रेडही हलावा, एवढीच तिची दुरुस्ती.

साहेब कॉलवर म्हणाले, ‘मोटर खराब आहे. गावात बसून तुला मशीन दिसतं का?’

‘मशीन न्हाय दिसत सर. थ्रेड कुठं पळतोय ते दिसतंय.’

साहेबांनी पुढचा विषय काढला. मोटर बदलली, यंत्र अडखळतच राहिलं. मग गुपचूप तिचीच दुरुस्ती घातली गेली, साहेबांच्या नावानं, आणि अडखळणं थांबलं. पाठोपाठ तिला निरोप गेला : पुण्यात या, नाहीतर काम सोडा. वडिलांना टाकून ती कुठं येणार होती? काम सुटलं. मला म्हणाली, ‘नावाचं जाऊ दे गं. पण “तुझं बरोबर होतं” एवढं तरी कुणी म्हणायचं...’

ती गेल्यावर साहेबांनी ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं, ‘मेहनती मुलगी होती.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. माझ्यानं हात जोडवले नाहीत.

परवा तेरला गेले. तिच्या खोलीत खिडकीखाली एक छोटा बोर्ड, म्हणजे तळहाताएवढा उघडा कॉम्प्युटर, स्क्रीनला जोडून चालू होता. काम सुटल्यावरही तिनं त्या दुरुस्तीची चाचणी स्वतःपुरती लावून ठेवली होती. लाइट गेली की तिची आई उठून बोर्डाची पिन इन्व्हर्टरला लावते.

‘बंद करू नको म्हनली व्हती,’ काकू म्हणाल्या. ‘आता कुनाला दाखवायचं हाय गं हे?’

मी स्क्रीनवर वाकून पाहिलं. एकही चूक नव्हती.

‘तिचं बरोबर होतं, काकू.’

काकूंनी पदरानं बोर्डावरची धूळ पुसली. बंद मात्र केला नाही.