लोणच्याच्या बरणीतल्या दाढा

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी माझी पत्नी दोन पेशंटांच्या मधल्या वेळात दवाखान्यातल्या खुर्चीवर बसली आणि उठली नाही. तिच्या नर्सने शाळेत फोन केला. मी वर्गात बीजगणित शिकवत होतो. आमची मुलगी त्याच शाळेत वरच्या मजल्यावर बायॉलॉजीच्या तासाला बसली होती. मी जिना चढून तिला आणायला गेलो.

माझी पत्नी दातांची डॉक्टर होती. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या आमच्या गावात त्या कामाची ती एकटीच. तिच्याखेरीज सर्वांत जवळचा डेंटिस्ट बसने दोन तासांवर होता. मुंबईहून शिकून आल्यावर तिने इथली परीक्षा दिली, काही वर्षं मँचेस्टरच्या हॉस्पिटलात काढली आणि मग एका जाहिरातीवरून आम्ही इथे आलो. दोन वर्षं राहून बघू, असं ठरलं होतं. मुलगी इथेच जन्मली, इथल्याच बंदरावर सायकल शिकली आणि चौदा वर्षांची झाल्यावर एका संध्याकाळी जेवताना म्हणाली, की मलाही आईचंच काम करायचंय.

तिच्या आईने तिची पाठ थोपटली नाही. उपदेशही केला नाही. दुसऱ्या दिवशी लिंबाच्या लोणच्याची संपत आलेली बरणी तिने रिकामी केली, धुतली आणि दवाखान्यात नेली. डेंटल स्कूलमध्ये पहिल्या वर्षांत मुलांना खऱ्या, काढलेल्या दातांवर हात बसवावा लागतो आणि ते दात ज्याचे त्याने जमवून आणायचे असतात. शहरातली मुलं ओळखीच्या चार डेंटिस्टांना सांगून ठेवतात. आमच्याकडे चार डेंटिस्ट नव्हते, म्हणून हिने चार वर्षं आधी सुरुवात केली.

दात काढून झाला, की ती पेशंटला विचारायची, हा मी ठेवून घेऊ का, माझ्या मुलीच्या अभ्यासाला लागेल. नाही कोणीच म्हणत नसे. हळूहळू गावाला त्याचा अभिमानच वाटू लागला. मासे विकायला व्हॅन घेऊन फिरणारा एक माणूस होता. तो मला रस्त्यात थांबवून विचारायचा, माझी दाढ कशी आहे, अभ्यास नीट चाललाय ना तिचा? बरणी आमच्या गॅरेजमधल्या फळीवर असे, औषधाच्या पाण्याने भरलेली. मी काही शोधायला तिथे गेलो, की पत्नी आतून सांगायची, “जरा जपून. अर्धं गाव आहे त्या फळीवर.”

ती गेल्यावर तिची थोरली बहीण लंडनजवळच्या स्टॅनमोरहून आली. मी त्यांना ताई म्हणतो. ताईंनी घर हातात घेतलं. देव झाकले, फोडणी बंद केली, दाराशी केक आणि सूप घेऊन येणाऱ्या शेजारणींना त्या आपल्या लंडनच्या इंग्रजीत धीर देत होत्या. एकाच गोष्टीने त्या हलल्या. क्रिमेटोरियममधून राख आली, ती चाळून घेतल्यासारखी बारीक होती. त्यांनी झाकण उघडून पाहिलं आणि मला विचारलं, “यात अस्थी कुठे आहेत?” मी सांगितलं, की इथे सगळं दळून देतात.

तेराव्या दिवशी आम्ही तिघं बंदराच्या टोकाशी गेलो. गुरुजी नव्हते. मी तीळ-पाणी सोडलं, ताईंना वडिलांकडून ऐकलेलं जेवढं आठवलं तेवढं त्या पुटपुटल्या. मी राख सोडली, मुलीने फुलं सोडली. शेवटी ताईंनी पिशवीतून पांढऱ्या कापडाचं एक गाठोडं काढलं, कपाळाला लावलं आणि पाण्यात टाकलं. फुलं वाऱ्यावर भिंतीकडे परत आली. गाठोडं सरळ खाली गेलं.

घरी येऊन चहा टाकल्यावर त्यांनी आपण होऊन सांगितलं. गॅरेजमध्ये जुन्या साड्या ठेवायला जागा करताना त्यांना बरणी सापडली होती.

“अहो भाऊजी, कुणाकुणाची हाडं ती. अशी बरणीत घालून घरात ठेवतात का? म्हटलं, हिच्या अस्थी काही मिळाल्या नाहीत, निदान त्यांची तरी सोय लावू. सगळ्यांच्या नावाने तर्पण केलं मी. नावं माहीत नाहीत, पण देवाला कळतं.”

मुलगी खिडकीशी उभी होती. खाली रस्त्यावर, रोजच्यासारखी, माशांची व्हॅन येऊन थांबली होती.

“मावशी,” ती म्हणाली, “इकडे ये. तो ब्लू जॅकेटवाला बघ. तू त्याचं श्राद्ध घातलंस.”

ताई खिडकीशी गेल्या. व्हॅनवाला कोणाला तरी हॅडक मासा गुंडाळून देत होता. त्याने वर पाहून हात केला. ताईंनी नकळत नमस्कार केला, मग पदर तोंडाला लावला. त्या रडताहेत असं मला वाटलं. त्या हसत होत्या, आणि मग दोन्ही करू लागल्या, आणि मुलगीही.

पण रात्री जेवायच्या आधी मुलगी गॅरेजमध्ये गेली. ताईंनी बरणी खायच्या सोड्याने घासून ठेवली होती. इतक्या वर्षांत न गेलेला लोणच्याचा वासही आता गेला होता. तिने ती आणून आपल्या टेबलावर ठेवली, पुस्तकांच्या आणि दिव्याच्या मध्ये. काय करणार आहेस, असं मी विचारलं नाही.

अर्ज तिने आईच्या देखतच पाठवले होते. त्या हिवाळ्यात एकामागून एक नकार आले. मार्क चांगले होते, पण केमिस्ट्रीचा शेवटच्या वर्षाचा वरचा अभ्यासक्रम हवा होता आणि आमच्या शाळेत तो नव्हता. तो घेणारी मुलं पुरेशी झालीच नाहीत, म्हणून तो तास कधी सुरूच झाला नव्हता. शहरातल्या मुलांना जे वेळापत्रकातच मिळतं, ते इथल्या मुलांना आपल्याकडे नाही हे अर्ज परत आल्यावर कळतं. करिअरचा सल्ला द्यायला महिन्यातून एकदा एक बाई शाळेत यायच्या. त्यांनी जवळच्या कॉलेजातला नर्सिंगचा कोर्स सुचवला. त्या भल्या होत्या, त्यांच्याकडे दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं. ताई फोनवर म्हणाल्या, फार्मसी कर, माझ्याकडे ये राहायला, इथून सगळं जवळ आहे.

मुलीने दोघींचं ऐकून घेतलं. मग एका रविवारी भांडी पुसता पुसता मला म्हणाली, “बाबा, नेक्स्ट इयर मी परत अप्लाय करणार. केमिस्ट्री करून. तुम्ही शिकवाल?”

मी गणिताचा माणूस. केमिस्ट्री मी पंचविसेक वर्षांपूर्वी पुण्यात सोडली होती, आणि ती सोडताना मला बरंच वाटलं होतं. मी म्हटलं, शिकवतो. दुसऱ्या दिवशी लायब्ररीतून पुस्तकं आणली. शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षिकेने शनिवारी प्रयोगशाळा उघडून द्यायचं कबूल केलं आणि मुख्याध्यापकांनी तिची परीक्षा आमच्याच शाळेतून घ्यायची परवानगी आणली. जेवणाच्या टेबलावर पत्नीची जी खुर्ची होती तिच्यावर आम्ही पुस्तकं रचायला लागलो, म्हणजे ती रिकामी दिसणार नाही.

त्या वर्षाबद्दल मला पुष्कळ लिहिता येईल, पण त्यात घडलं फार थोडं. मी बहुतेक एक धडा पुढे असायचो. कधी तोही नसायचा, मग आम्ही दोघं एकाच पानाकडे बघत बसायचो. बेन्झिनच्या कड्याशी मी एक आठवडा झगडलो. ती मला म्हणाली, “इट्स ओके, बाबा, स्लोली.” मी वर्गात ज्या सुरात मुलांना हे सांगतो तोच सूर तिने लावला होता. दुःख काही कमी झालं नाही. पण सकाळी उठल्यावर आज काय करायचं आहे ते आम्हाला ठाऊक असायचं, आणि तेवढ्यावर माणूस उठू शकतो.

आठवड्यातले तीन दिवस ती पहाटेची बस धरून त्या दोन तासांवरच्या डेंटिस्टकडे मदतनीस म्हणून जायची. आमचा दवाखाना बंदच होता, जाहिरातीला कोणी उत्तर देत नव्हतं. आमच्या गावातली माणसं तिला तिथे, परक्या वेटिंग रूममध्ये भेटायची. एक आजीबाई कवळी घट्ट करून घ्यायला सबंध दिवस मोडून आल्या होत्या. परतीच्या बसमध्ये त्या तिच्या शेजारी बसल्या आणि झोपल्या, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून. हे तिने मला घरी आल्यावर सांगितलं. त्या दिवशी तिने चहासुद्धा न घेता पुस्तक उघडलं.

पुढच्या हिवाळ्यात एका डेंटल स्कूलकडून मुलाखतीला बोलावणं आलं. आम्ही आदल्या दिवशी निघालो, एडिनबराला गाडी बदलली. मुलाखतीच्या वेळी मी बाहेर पुस्तक उघडून बसलो होतो. पान उलटल्याचं आठवत नाही. ती बाहेर आली, कोट घातला आणि स्टेशनवर सँडविच अर्धं खाऊन झाल्यावर म्हणाली,

“बाबा, मी त्यांना मावशीचं सांगितलं.”

“मावशीचं काय?”

“तर्पण.”

मी विचारलं, हे तिथे कशाला? तिने सांगितलं, की एकाने विचारलं, इतक्या लांबून येणारी मुलं शिकून पुन्हा तिकडे जात नाहीत, तू का जाशील? त्यावर आईसारखं काम करायचंय असं म्हणायचं तिने ठरवलं होतं, पण ते शब्द तिच्या तोंडून येईनात. तेव्हा तिने बरणीची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून. माशांच्या व्हॅनपाशी आल्यावर टेबलामागच्या एक वयस्क बाई चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या.

“मग त्यांनी विचारलं, आता त्या बरणीचं काय?”

“तू काय म्हणालीस?”

“मी म्हणाले, ती धुऊन ठेवलीय. तुम्ही सीट द्या, गाव ती पुन्हा भरेल.”

वसंतात जागा देऊ केल्याचं कळलं, अट एकच, केमिस्ट्रीत ‘ए’ हवा. मे महिन्यात तिने परीक्षा दिली. ऑगस्टात निकाल पोस्टाने आला. मी तो हातात घेऊन दाराशी उभा राहिलो, तिने तो माझ्या हातातून काढून घेतला, वाचला, ‘ए’वर बोट ठेवून मला दाखवला आणि बंदराच्या बाजूला चालत गेली. मी मागे गेलो नाही. ती परत आली तेव्हा तिचे केस लाटांच्या तुषारांनी ओले होते आणि ती म्हणाली, “भूक लागलीय.”

बरणी भरायला गावाने दोन महिने घेतले. त्या दोन तासांवरच्या डेंटिस्टला आमची माणसं खुर्चीत बसायच्या आधीच सांगायची, की दाढ निघाली तर ती त्या मुलीसाठी ठेवा. जुन्या नर्सने घरोघरी विचारून आणल्या. माशांच्या व्हॅनवाल्याची दुसरी दाढ निघाली, ती त्याने तंबाखूच्या डबीत घालून स्वतः आणून दिली. झाला प्रकार त्याला केव्हाच कळला होता. तो म्हणाला, पहिली स्वर्गात गेली, हिला तरी शिकू दे.

मग स्टॅनमोरहून एक पाकीट आलं. कापसात गुंडाळलेली एक दाढ. संध्याकाळी ताईंचा फोन.

“अहो भाऊजी, माझी पोचली का? काढायचीच होती कधीची. डॉक्टर म्हणाला, घेऊन काय करणार? म्हटलं, भाचीला पाठवायचीय. माझ्याकडे बघतच राहिला.”

पाच वर्षांनी मुलगी शिकून परत आली. मधल्या काळात गावात कोणीही डेंटिस्ट आला नव्हता. तिने दवाखान्याचं कुलूप उघडलं, तेव्हा आईचा पांढरा कोट दाराच्या मागे टांगलेला होता. तो तिने घडी करून घरी आणला आणि स्वतःचा तिथे लावला. पहिल्या सोमवारी लोक दाराबाहेर उभे होते, आणि व्हॅनवाला सगळ्यांत पुढे, दात काही दुखत नसताना.

बरणीतल्या दाढा तिने शिकताना कापल्या, कोरल्या, भरल्या आणि नियमाप्रमाणे टाकून दिल्या. ताईंची तेवढी उरली. तिच्यात चांदीचं मोठं फिलिंग होतं आणि अभ्यासाला न भरलेलीच दाढ लागते. हे ताईंना कधी सांगितलं नाही. त्या फोनवर विचारायच्या, माझ्यावर काय शिकलीस, आणि मुलगी म्हणायची, सगळ्यात जास्त तुझ्यावरच, मावशी.

ताई मागच्या हिवाळ्यात गेल्या. त्यांची राख त्यांच्या मुलांनी नाशिकला नेली. दाढ आमच्याकडे आहे, दवाखान्याच्या खिडकीत, लोणच्याच्या बरणीत.