पाटावर मावणारी रायफल

माझ्या मित्राची रायफल बिघडावी, निदान एकदा तरी सगळ्यांच्या देखत अडकावी, असं मला जवळजवळ वर्षभर मनापासून वाटत होतं.

आम्ही दोघं नागपूरच्या एकाच मेडिकल कॉलेजचे. मी भूलतज्ज्ञ, तो हाडांचा डॉक्टर. नॉटिंगहॅमला आधी मी आलो, तो मागाहून आला आणि बघता बघता सगळ्यात पुढे गेला. मला ड्रायव्हिंग टेस्टने रडवलं, तो पहिल्याच फेरीत पास. कन्सल्टंटही आधी तोच झाला. त्याची बायको मँचेस्टरच्या एका हॉस्पिटलात ट्रेनिंगला होती, म्हणून सुट्टीच्या दिवशी स्वारी आमच्याकडे जेवायला. माझ्या बायकोने केलेल्या पाटोडीच्या रश्श्याचं तो असं काही कौतुक करायचा, की ती पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच बेत करायची. तोच रस्सा मी कित्येक वर्षं खात होतो. मला एक शब्द सुचला नव्हता.

एकच जागा माझी होती. शहराबाहेर एका शेतकऱ्याच्या कुरणात छऱ्याच्या बंदुकांचा क्लब भरायचा. इंग्लंडात कमी ताकदीच्या छऱ्याच्या बंदुकीला लायसन लागत नाही, आणि एनसीसीपासून माझा नेम चांगला होता. झाडीत, कुंपणाशी पत्र्याचे कावळे, उंदीर, ससे उभे केलेले असत. त्यांच्या पोटातल्या भोकात छर्रा बसला की ते धाडकन आडवे पडायचे. दर ऑक्टोबरात तिथे स्पर्धा व्हायची आणि लागोपाठ दोन वर्षं कप माझ्याकडे होता. कप कसला, उकडलेलं अंडं ठेवायच्या भांड्याएवढा. पण आमच्या टीव्हीवर तो मधोमध होता, आणि जेवायला आलेल्या मित्राला समोर दिसायचा.

त्याला तिथे नेलं मीच. दुसरं कोण नेणार? दोन-तीन रविवार माझी बंदूक वापरली आणि चौथ्या रविवारी हा नवी कोरी बुलपप घेऊन हजर. बुलपप म्हणजे आखूड रायफल. चाप पुढे असतो आणि बाकीची सगळी यंत्रं मागे, दस्त्याच्या पोटात, आपल्या गालाखाली. त्यामुळे नळी पूर्ण लांबीची राहते आणि रायफल मात्र हातभर. माझी जुनी जर्मन बंदूक नळी बिजागरीत वाकवून भरायची, लांबलचक, जड. तिच्याशेजारी ती ठेवली की माझी बंदूक उगाच म्हातारी दिसायची.

"दिसायला छान आहे," मी म्हणालो, "पण बुलपप रिलायबल नसतात हं. चाप एकीकडे, मेकॅनिझम दुसरीकडे, मधे ही लांब दांडी. चाप घासतो. मॅगझिन जॅम होतं. सहा महिन्यांत आत भरलेली हवा लीक व्हायला लागेल."

"बघू की," तो हसला. "तू आहेसच."

हेच मी क्लबात सगळ्यांना सांगून ठेवलं. मग घरी इंटरनेटवर मालकांचे अनुभव शोधायला लागलो. चांगले अनुभव वाचायचे नाहीत, हे आधीच ठरलेलं. कुठल्याशा गृहस्थाने लिहिलं होतं की ऐन पावसात त्याचं मॅगझिन अडकलं. तो माणूस मला सख्ख्या भावासारखा वाटला.

दर रविवारी मी चौकशी करायचो. "काय म्हणते तुझी रायफल?"

"फर्स्ट क्लास! एकदाही जॅम नाही बघ."

"थंडी येऊ दे. आतली रबरं आकसतात."

थंडी आली. काही आकसलं नाही. एकदा ती त्याच्या हातून सरळ चिखलात पडली, तेव्हा मला आशा वाटली. त्याने टिश्यूने पुसली, पुन्हा गालाला लावली आणि कावळा पाडला. क्लबचा कॅप्टन, एक निवृत्त शाळामास्तर, ती मागून घेऊन स्वतः चालवून बघू लागला. त्याच्या मागे सगळा क्लब. मी त्या क्लबात इतकी वर्षं जात होतो, माझी बंदूक कुणी कधी मागितली नव्हती. घरी आलो की टीव्हीवरचा कप मी विनाकारण पुसत बसायचो. उन्हाळ्यापर्यंत त्याचा नेम माझ्या बरोबरीला आला. आता कप जातो की राहतो, एवढाच प्रश्न उरला.

त्या वर्षी खंडेनवमी स्पर्धेच्या आदल्या दिवशी आली. आमच्याकडे शस्त्रपूजा असते. शस्त्रं कसली, स्टेथोस्कोप, सुऱ्या, लॅपटॉप, गाडीची किल्ली. बायकोने पाट मांडला आणि मित्राला म्हणाली, "भावजी, तुमची रायफल पण आणा. उद्या मॅच आहे ना?"

त्याची रायफल पाटावर आडवी झकास मावली. माझी काही केल्या मावेना. तिरकी ठेवली तर निरांजनाला लागत होती. शेवटी बायको म्हणाली, "अहो, ती भिंतीला टेकवून उभी करा." तशी मी ती उभी केली, नळीचं तोंड वर. पूजा मी सांगत होतो, त्यामुळे हळदकुंकू वाहणं माझ्याकडे. त्याच्या रायफलीला मी एक बोट लावलं आणि चिमूटभर अक्षता टाकल्या. माझ्या बंदुकीला लेस्टरहून आणलेल्या झेंडूची सगळ्यात मोठी माळ, आणि अक्षता मूठभर, डोक्यावरून. देवीने उद्या कुणाच्या बाजूने उभं राहायचं, याबद्दल तिचा गोंधळ होऊ नये, एवढाच माझा हेतू होता.

दुसऱ्या दिवशी कॅप्टनने आमची दोघांची जोडी लावली. पहिला कावळा माझा. मी चाप ओढला. आवाज काहीतरी भलताच आला, घुसमटल्यासारखा, आणि कावळा जागचा हलला नाही. कॅप्टनने नळीत सळई घालून ढकललं. आधी छर्रा बाहेर आला, मागोमाग लालभडक, चिरडलेले दोन-तीन दाणे. त्याने ते तळहातावर घेऊन चष्म्याखालून पाहिले.

"इज धिस राइस, डक?"

नॉटिंगहॅमचे लोक प्रेमाने सगळ्यांनाच डक म्हणतात. मला त्या क्षणी ते प्रेम नको होतं. आधी मित्राच्या लक्षात आलं आणि तो गवतात बसून पोट धरून हसायला लागला. "अरे, अक्षता! अक्षता टाकल्यास तू नळीत!"

बंदुकीची स्प्रिंग तपासल्याशिवाय ती चालवायची नाही, असं कॅप्टनने बजावलं. दुसऱ्याची घेऊन खेळायला मात्र परवानगी होती. मी कुणाकडे मागायच्या आत मित्राने स्वतःची पुढे केली. "घे ना. आपण दोघं एकीनेच मारू."

आणि तसेच आम्ही कुरणभर हिंडलो. एक नेम त्याचा, एक माझा, रायफल एकच. ती गालाला लागली आणि वर्षभर मी लोकांना सांगितलेलं सगळं खोटं आहे, हे मला पहिल्याच छऱ्यात कळलं. चाप कुठे घासत नव्हता. हलका, स्वच्छ, नेमका हवा तिथे सुटायचा. मला ती इतकी आवडली की राग आला. तिच्यावर मी एकामागून एक पाडत गेलो, तोही पाडत गेला. बाकीचे मागे पडले. शेवटच्या सशापाशी आम्ही दोघं बरोबरीत होतो आणि सगळा क्लब मागे येऊन उभा राहिला.

ससा लांब, कुंपणाच्या सावलीत. आधी मित्र नेम धरून बसला. त्याच्या शेजारी उभं राहून मी त्या मॅगझिनकडे टक लावून पाहत होतो. आता अडक, मी म्हणत होतो, फक्त आता. ससा पडला.

दोरी ओढून ससा पुन्हा उभा केला आणि रायफल माझ्या हातात आली. मी नेम धरला. तेव्हा पुन्हा तोच विचार आला. अजूनही अडक. माझ्या हातात असताना अडक, म्हणजे मी हरलो असं कुणी म्हणणार नाही. मी चाप ओढला. ती अगदी नेहमीसारखी सुटली. छर्रा कुंपणाच्या खांबाला लागला आणि ससा माझ्याकडे बघत उभा राहिला.

टाळ्या वाजल्या. कॅप्टन माझ्याजवळ येऊन काहीतरी बोलणार, तेवढ्यात मित्र मधे आला. वर्षभर त्या रायफलीबद्दल त्याने वावगा शब्द काढला नव्हता. तो मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "इट्स द ट्रिगर. बुलपप, यू सी, समटाइम्स इट ड्रॅग्ज. ही वॉज राइट, यू नो."

कॅप्टनने मान हलवली. लोक माझ्याकडे सहानुभूतीने बघू लागले. एकाने तर माझा खांदा थोपटला.

घरी बायकोने दारातच विचारलं, "अहो, काय झालं?" मी बूट काढत होतो. तोच म्हणाला, "काही नाही वहिनी, माझ्या रायफलीने ऐन वेळी नाटकं केली. नाहीतर कप याचाच होता." कप त्याने खिशातून काढला, टीव्हीवर पूर्वीच्याच जागी ठेवला आणि पानावर जाऊन बसला.

त्याच्या नोकरीचा, घराचा, रायफलीचा मी आजवर हेवा केला होता. पण त्या दिवशी समोर बसून रस्सा ओरपणाऱ्या त्या माणसाकडे पाहून मी जसा जळलो, तसा आधी कधीच जळलो नव्हतो. त्याच्या जागी मी असतो, तर ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नसतं.