टोपलीत राहिलेला तांदूळ

स्वतःचं दुकान असणं हेच माणसाचं खरं स्वातंत्र्य. दुसऱ्याच्या बाजारात बसून माणूस कितीही विको, तो शेवटपर्यंत पाहुणाच राहतो.

हे विचार माझे नाहीत. हिंजवडीतल्या एका हॉटेलात लघुउद्योजकांचं शिबिर भरलं होतं, तिथल्या वक्त्याचे आहेत. त्यांचा स्वतःचा कुठलाही उद्योग नव्हता. ते स्वातंत्र्यावर भाषणं द्यायचे, आणि तीही दुसऱ्यांच्या शिबिरांत. मी जेवणाकडे लक्ष ठेवून होतो. बायको मात्र शेजारी बसून मनापासून ऐकत होती. परतताना पिरंगुट मागे पडल्यावर ती म्हणाली, "आपलंबी दुकान पायजे."

"आहे की. तांदूळ विकतो त्या साइटवर."

"ते काय दुकान हाय व्हय? ती धर्मशाळा झाली. आज आपण, उद्या दुसरं कुनी."

माझी सगळी नोकरी पुण्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. पुस्तकं देणं, परत घेणं आणि मधल्या वेळात वाचणं. निवृत्त झाल्यावर आम्ही मुळशीत, बायकोच्या माहेरच्या गावाजवळ, लहानसं घर बांधून राहायला आलो. पुण्यात असताना तिने इतकी वर्षं शहरी मराठी बोलून दाखवली होती की तिच्या कॉलनीतल्या मैत्रिणींना ती सदाशिव पेठेतली वाटायची. इकडे आल्यावर ती भाषा तिने समारंभाची साडी घडी करून ठेवावी तशी ठेवून दिली, आणि पुन्हा काढली नाही.

तिच्या भावांच्या खाचरांत आंबेमोहोर होतो. तो आणि शेजारपाजारचा थोडा असा तांदूळ घ्यायचा, निवडायचा, पिशव्या भरायच्या आणि विकायचा, हा उद्योग तिने सुरू केला. मी संगणक सांभाळायचो. विकायचो एका मोठ्या साइटवर. त्या साइटचं नाव घेत नाही. तिला आमचं नाव माहीत नाही, मग मी तरी तिचं का घ्यावं? ती आम्हाला 'प्रिय विक्रेता' म्हणायची. आमचा तांदूळ कोण नेतं, कोण खातं, कशाशी खातं, काही कळायचं नाही. पोती भरून त्यांच्या गोदामात पोचवायची आणि तिथून ती अदृश्य व्हायची. कधीतरी एखादं गिऱ्हाईक अभिप्राय लिही. त्यातला मला आवडलेला अभिप्राय असा होता: "तांदूळ शिजतो."

बायकोचं त्या साइटशी पहिल्यापासून जमलं नाही. भांडण मुठीवरून सुरू झालं. इकडे तांदूळ मापून झाला की वर एक मूठ टाकायची पद्धत आहे. तिची आई टाकायची, म्हणून ती टाकते. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं तिला वाटत नाही. सुरुवातीला साइटचा टेम्पो मारुंजीहून येऊन घरूनच पार्सलं न्यायचा. काट्यावर किलो भरलं की ही पिशवीत मूठ सोडायची आणि मग तोंड शिवायची. साइटच्या यंत्राने ते पकडलं. वजन जाहीर केलेल्या वजनाशी जुळत नाही, सबब जादा आकार, असं पत्र आलं.

मी तिला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "जास्त दिलं म्हनून दंड? आन् कमी दिल्यावर काय, नारळ देऊन सत्कार करत्यात?"

तर घरचं दुकान काढायचं ठरलं. ते उभारलं माझ्या पुतण्याने. तो हिंजवडीत नोकरी करतो, मारुंजीत भाड्याने राहतो आणि रविवारी आमच्याकडे जेवायला येतो. जेवणाच्या बदल्यात त्याने वेबसाइट करून दिली. खाचरांचा फोटो, बायकोचा फोटो, तांदळाचे फोटो. माझा फोटो लावायचं कोणी सुचवलं नाही. गिऱ्हाइकाने निवडलेला माल जिथे जमा होतो त्या जागेला आम्ही 'टोपली' नाव दिलं. पुतण्याने समजावलं की लोक टोपली भरतात आणि पैसे न देताच निघून जातात. अशांना आपोआप मेल जाण्याची सोय करता येते. एक तासाभराने आणि दुसरा दुसऱ्या दिवशी.

"मजकूर फॉर्मल ठेवू या, काकू," तो म्हणाला. "डियर कस्टमर वगैरे."

"मी लिहिते," काकू म्हणाल्या.

तिने सांगितलं आणि मी टाइप केलं. पहिला मेल असा होता: "आवो, टोपली भरून कुटं गेलात? तांदूळ हितंच हाय. घाई न्हाई, पन इसरू नका."

दुसरा: "आवो, टोपली कालपास्नं तशीच हाय. न्यायचा आसंल तर न्या. न्यायचा नसंल तरी काई न्हाई, येळेवर जेवून घ्या."

पुतण्या हवालदिल झाला. "काकू, शेवटी 'आत्ताच विकत घ्या' असं हवं. जेवून घ्या हा कॉल टू अॅक्शन नाही."

"मग काय हाय?"

निदान तिसरा मेल तरी ठेवू, त्यात सूट देऊ, असं तो म्हणाला. तेही तिने मोडून काढलं. दोनदा हाक मारून जो येत नाही त्याला यायचं नसतं, तिसऱ्यांदा बोलवून आपली शोभा कशाला करायची, असं तिचं मत. दुकान सुरू झालं. तिची बहीण, माझे दोन जुने सहकारी आणि पुतण्याचा घरमालक एवढ्यांनी तांदूळ नेला. स्वातंत्र्य मिळालं होतं, वर्दळ नव्हती.

मग मुलीला दिवस गेले. ती कॅनडात असते. बाळंतपणाला आई हवी, म्हणून दिवाळीच्या आधी बायको गेली. होळीपर्यंत येते म्हणाली होती. होळी झाली. मुलीची रजा संपत आली, बाळाला सांभाळायला कोणी मिळेना, मुक्काम वाढला. एकदा मुलगी सहज बोलल्यासारखं म्हणाली, "बाबा, आईला इथे करमायला लागलंय. तुम्हीच या ना इकडे. तांदूळ काय, कोणीही विकेल." हे तिने प्रेमाने म्हटलं होतं, म्हणून रागावताही आलं नाही.

व्हिडिओ कॉल रोज संध्याकाळी व्हायचा. तिकडे तेव्हा सकाळ असे. बायको फोन सोफ्यावर उताणा टाकून बाळाचं करायची, त्यामुळे मला छत दिसे. त्या छताचा मी चांगला जाणकार झालो. मध्यभागी धूर ओळखणारा एक गोल डबा आहे, त्यावर हिरवा दिवा लुकलुकतो. आवाज तिचा यायचा, पण तो बाळासाठी असायचा. "कोन हाय ते? आजोबा हायेत. हो की न्हाई?" मी डब्याकडे बघून हो म्हणायचो.

कधी येणार, हे मी तिला विचारलं. ती "बघू" म्हणाली. काही आठवड्यांनी पुन्हा विचारलं. "आवो, बाळ बसायला तरी लागू द्या." त्यानंतर मी विचारलं नाही. दोन हाका झाल्या होत्या. तिच्याच दुकानाचा नियम मला लागू होता.

इकडे मी एकटाच पिशव्या भरत होतो. मूठ टाकायची मी विसरायचो, त्यामुळे वजन काटेकोर निघायचं. साइटने मला उत्तम विक्रेता म्हणून हिरवं चिन्ह दिलं. पुतण्याने ते पाहिलं आणि जेवता जेवता विषय काढला.

"काका, खरं सांगू? आपलं दुकान बंद करू या. सगळी विक्री तिकडूनच होते. उगाच दर वर्षी फी भरायची."

"बघू," मी म्हणालो. हा शब्द आमच्या घरात फार उपयोगी आहे.

बंद करण्याआधी सगळं एकदा तपासावं म्हणून मी दुकान उघडलं. किलोभर आंबेमोहोर टोपलीत टाकला, नाव, पत्ता, मेल आयडी भरला, तेवढ्यात गॅसवर दूध उतू गेलं आणि मी उठलो. ओटा पुसून आलो, चहा घेतला, विसरलो. तासाभराने फोन वाजला. मेल होता. "आवो, टोपली भरून कुटं गेलात?"

मी तो उभ्यानेच वाचला. मजकूर मीच टाइप केला होता, त्यात मला नवीन काही नव्हतं. तरी पुन्हा वाचला. लग्न झाल्यापासून तिने मला नावाने हाक मारलेली नाही, कायम आवोच. गिऱ्हाइकांसाठी तिने वेगळा शब्द शोधला नव्हता. कित्येक महिन्यांत कोणी मला उद्देशून, मध्ये बाळ न ठेवता, एवढी वाक्यं बोललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुसरा मेल आला. मी वेळेवर जेवलो.

मग ती सवयच लागली. दोन-चार दिवस गेले की मी टोपलीत तांदूळ टाकायचो आणि कामाला लागायचो. पिशव्या शिवताना फोन जवळ ठेवायचो. मेल येणार हे माहीत असायचं, किती वाजता येणार हेही माहीत असायचं, तरी त्या तासाचा उत्तरार्ध मला जड जायचा. आयुष्यभर ग्रंथालयात बसून विरहावरचं पुष्कळ वाचलं होतं. ढगाला निरोप सांगणारे, पक्ष्याला सांगणारे, वाऱ्याला सांगणारे लोक मला थोडे दिखाऊ वाटायचे. मी तांदूळ वापरत होतो, आणि तो संपतही नव्हता. दुकान बंद करण्याचं मी पुतण्याला सांगून आणखी दोन रविवार लांबवलं.

एका संध्याकाळी कॉल लागला आणि पडद्यावर छत नव्हतं. तिचा चेहरा होता, चष्म्यासकट, अगदी जवळ.

"बाळ कुठाय?" मी विचारलं.

"निजलंय. मला एक सांगा, आपल्या दुकानात ते तांदूळ टाकून पळनारं गिऱ्हाईक कोन हाय?"

"कुठलं?"

"हाय एक मुळशीतलं. तुमच्याच नावाचं. तुमच्याच पत्त्यावर ऱ्हातंय."

मला माहीत नव्हतं ते असं की दुकानाची मालकीण म्हणून पुतण्याने तिचा फोन जोडला होता. कोणी टोपली सोडून गेला की तिकडे तिच्या फोनवर घंटी वाजत होती. पहिल्या दिवसापासून.

"मी तपासत होतो," मी म्हणालो. "साइट नीट चालते का ते."

"आठवड्यात तीनदा?"

"तंत्रज्ञानाचा भरवसा नसतो."

"घरात पोती पडल्यात आन् तुमाला टोपलीतलाच किलो पायजे." ती हसली नाही. चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा घातला. "बारीक झालात. दाढी का न्हाई केली?"

"केली होती."

"कवा?"

तेवढ्यात आतून बाळ रडलं. फोन सोफ्यावर पडला आणि छत आलं. मी थोडा वेळ हिरव्या दिव्याकडे बघत राहिलो.

आता चोरी पकडली गेलेली असल्यामुळे टोपलीला हात लावायची लाज वाटत होती. चार दिवस लावला नाही. पाचव्या दिवशी लावला. तासाभराने पहिला मेल आला, दुसऱ्या दिवशी दुसरा. ठरल्याप्रमाणे तिथे विषय संपायला हवा होता. पण त्याच्या पुढच्या सकाळी, मी खाचरांच्या बाजूने फिरून येत असताना, फोन पुन्हा वाजला. असा मेल आमच्या दुकानात कधी लिहिलेला नव्हता. तिने तिकडे बसून, बहुधा मुलीच्या नकळत, एका बोटाने टाइप केलेला असावा.

"आवो, पुढल्या म्हयन्यात येतीया. तिकीट बघितलंय. पोरीला आजून सांगितलं न्हाई, तुमीबी बोलू नका. कुकरची रिंग बदला. दाढी करा."

मी बांधावर बसलो. बांध ओला होता. समोरच्या खाचरातून तिचा धाकटा भाऊ ओरडला, "दाजी, काय झालं? पाय घसरला व्हय?" मी हात हलवून नाही म्हटलं. मग पौडला जाऊन कुकरची रिंग आणली. दाढी केली. मुलीला काही बोललो नाही, ती गोष्ट तिच्या आईने तिला योग्य वेळी सांगितली आणि थोडी रडारड झाली असं नंतर कळलं.

पुतण्या रविवारी आला तेव्हा दुकानाचं सगळं उघडून बघत होता. बघता बघता थांबला. काकूंनी तो तिसरा मेल एकट्या मला पाठवलेला नव्हता. एकाच माणसाला कसं पाठवायचं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तो यादीत तिसरा म्हणून घातला होता, त्यामुळे टोपली सोडून गेलेल्या प्रत्येकाला तो आपोआप जात होता. त्या आठवड्यात असं गिऱ्हाईक माझ्याखेरीज एकच होतं, अमरावतीचे एक गृहस्थ. तो मेल मिळाल्यावर त्यांनी दोन किलो तांदूळ मागवला. पैसे माल पोचल्यावर देणार होते.