दोरीपाशी बोलावणारा आवाज

त्यांना सगळे कर्णेबुवा म्हणत. एरवी टायरच्या दुकानात पंक्चर काढायचे, आणि मोटारींच्या शर्यती असल्या की माइक हातात घ्यायचे. आवाज असा खणखणीत की कर्ण्याची गरजच पडू नये. घरात मात्र बायकोपुढे ब्र काढायची टाप नाही, असं ते स्वतःच हसत सांगायचे.

एका शर्यतीला वळणावर प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपाशी गर्दी विरळ होती. आयोजक म्हणाला, "बुवा, फोटोत मोकळी जागा बरी दिसत नाही. जरा बोलवा की लोकांना."

बुवांनी बोलावलं. "या मंडळी, लाजता काय असे? गाडीचा वारा लागू दे अंगाला." लोक हसत दोरीला येऊन टेकले.

काही फेऱ्या झाल्या आणि एका गाडीचं चाक निखळलं. गाडी थेट गर्दीत घुसली. चालवणारा तरुण जागीच गेला. प्रेक्षकांतला एक शिंपी रुग्णालयात पोचेपर्यंत गेला.

पळापळ झाली तेव्हा बुवांनीच माइकवरून लोकांना आवरलं, रुग्णवाहिकेला वाट करून दिली. त्याचीच सगळीकडे वाहवा झाली. जो तो दुकानात येऊन पाठ थोपटायचा, आणि बुवांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. चौकशीत ठपका आला तो मेकॅनिकवर आणि आयोजकावर. बुवांचं कुणी नावही घेतलं नाही.

मग एके सकाळी शिंप्याची बायको दुकानात आली. "तुमच्यामुळे ह्यांना लवकर हलवता आलं. म्हटलं, भेटून सांगावं."

बुवांची नजर वर होईना. "वहिनी, ते दोरीपाशी कसे आले, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"मी शेजारीच तर होते. मी नको म्हणत होते. हे म्हणाले, बुवा बोलावतायत म्हणजे धोका नसणार."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बुवांना सोसलं असतं.

त्याच दुपारी ते चौकशी अधिकाऱ्याकडे गेले. "माझंही लिहून घ्या," म्हणाले.

"तुम्ही काय, सांगितलं तेवढंच बोललात."

"तोंड तर माझंच होतं ना, साहेब?"

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. शिक्षा काही झाली नाही, पण नियम झाला: प्रेक्षक उंच बांधाच्या मागेच राहतील, आणि सुरक्षेवर नेमलेल्या माणसाला विचारल्याशिवाय निवेदक त्यांना कुठेही बोलावणार नाही. पुढच्या वर्षी माइक पुन्हा बुवांकडे आला. त्यांनी तो घेतला नाही, बांधावर राखणीला उभं राहायचं काम मागून घेतलं. फोटोसाठी बांध ओलांडू बघणारी पोरं त्यांना नाही नाही ते बोलतात. बुवा ऐकून घेतात, पण जागचे हलत नाहीत.

शिंप्याचं दुकान आता त्याची बायको चालवते. बुवांचे सदरे त्यांची बायको तिथेच शिवायला टाकते. माप द्यायला मात्र बुवा अजून गेलेले नाहीत. जुना सदरा धाडून देतात.