माझ्या नाकाचा भरवसा

हे मी आजवर कुणापुढं बोललो नाही. सुभद्रापुढंही नाही. आणि ती तर आता ऐकायला राहिली नाही. दीड वर्ष झालं. चाळीस वर्षं संसार केला, पण ही एक गोष्ट बायकोपासून लपवून गिळली.

आधी माझं काम सांगू द्या. मी चौथी नापास. नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात, सांडपाणी साफ करायच्या प्लँटवर अख्खी नोकरी काढली. माझ्यासारखा तो प्लँट कुणी चालवला नाही. फुशारकी म्हणाल — म्हणा, आहेच. हंगामाच्या तोंडावर शेणकाला कालवून टाकीत सोडायचा, हवा द्यायची, जिवाणू उठवायचे. जित्राबच ते. खाणं जास्त झालं की मरतात, हवा कमी पडली की मरतात. गाळ चॉकलेटी, वास ओल्या मातीचा — टाकी ठणठणीत. गाळ काळा पडला, सडकं अंडं घमघमलं — हवा कमी पडली. साहेब पाण्याची बाटली तपासायला पाठवायचे. कागद येईस्तोवर मी काठावर उभा राहून सांगून मोकळा. कागदावर तेच निघायचं. पाहुणे आले की साहेब म्हणायचे, आमचं मीटर हे बघा, दोन पायांचं. बरं वाटायचं. कुणाला वाटणार नाही?

बबन माझ्या हाताखाली होता. पाथर्डीकडचा, दोन पोरींचा बाप. त्याच्या घरात कोयता खाली ठेवून कारखान्याच्या आत कामाला लागलेला तो पहिलाच. अजून कायम व्हायचा होता.

हंगाम उरकला होता. कच्च्या पाण्याच्या हौदात पंपाच्या तोंडाशी भुसा अडकला. सकाळचं झाकण काढलं तसा सडक्या अंड्याचा भपकारा आला. नियम काय, मला माहीत नव्हता? नव्या माणसांकडून मीच घोकून घ्यायचो — हौदात पंख्यानं हवा सोडायची, गॅसचं मीटर दोरीनं खाली सोडायचं, कमरेला दोर, वर दोन माणसं. मीटर ऑफिसच्या कपाटात होतं. शंभर पावलांवर.

आम्ही काठावर उभे. जरा वेळानं वास येईनासा झाला. त्या गॅसची चालच तशी — आधी नाक मारतो, मग माणूस. वास गेला म्हणजे गॅस गेला असं नसतं. हेही मला ठाऊक होतं हो. ट्रेनिंगला सांगितलं होतं, तेव्हा मागं बसून मी हसलो होतो. म्हटलं, मरत असेल तुमचं नाक.

"तात्या, मीटर आनू का?" बबननं विचारलं.

"का रं? माझ्यापेक्षा त्या डबड्याला जास्त कळतं व्हय? वास गेलाय. उतर."

"तुमचं नाक म्हंजी सरकारी शिक्काच की," म्हणाला, आणि उतरला. दोर त्यानं आपला आपणच बांधून घेतला होता. मी सांगितला नव्हता.

चौथ्या पायरीवर त्याचा हात सुटला. मी बोंब मारली, दोघं धावत आले, तिघांनी ओढून वर काढला. ओठ निळे पडलेले. जगला.

साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो — मी मीटर आणायला निघालो होतो, हा न विचारता उतरला. एवढंच. बबनला त्या सकाळचं काही आठवत नव्हतं. दवाखान्यात त्यानं मलाच विचारलं, "तात्या, आसं कसं केलं मी?" मी म्हणालो, "हुतं तसं घाईत."

त्याला काढून टाकलं. दिवाळीच्या आधी नवरा-बायको पुन्हा टोळीबरोबर ऊसतोडीला गेले, पोरी शाळेतून काढून बरोबर नेल्या. मला शाल-नारळ मिळाला — माणूस वाचवला म्हणून. सुभद्रा ती शाल आल्यागेल्याला दाखवायची. माझी नोकरी जाणार होती का? नाही. फार तर बोलणी बसली असती. नाक चुकलं, हे चार माणसांत म्हणवलं नाही — तेवढ्यासाठी केलं.

सुभद्राच्या वर्षश्राद्धाला बबन आला. एसटीनं, बोलावणं नसताना. केस पिकलेत, चार पावलं चालला की दम लागतो. पंगतीत उभा राहून माझ्या भावकीला म्हणाला, "तात्या नसतं तर मी त्या हौदातच गेल्तो. चूक माजीच हुती, पन ह्यांनी वढून काढलं." आणि वाकून माझ्या पायांना हात लावला.

तिथं बोलता आलं असतं. सुभद्रा गेलेली, नोकरी संपलेली — आता कुणापासून लपवायचं होतं? मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. सुखी राहा म्हणालो. सगळी पंगत माझ्याकडं बघत होती, आणि खरं सांगतो — मला बरं वाटलं. मान ताठ झाली माझी.