शेजारची सीट

नवी गाडी आली की पहिली फेरी गणपतीच्या देवळापर्यंत, तीही सगळ्यांना घेऊन, हा आमच्या घरचा रिवाज. बाबांच्या स्कूटरवरही आम्ही चौघं गेलो होतो. मी पुढे उभा, ताई मध्ये, आई मागे.

काल माझी दोन सीटची स्पोर्ट्स कार आली. लाल, लांब नाकाची, जमिनीला टेकल्यासारखी. आईने हळदकुंकू वाहिलं, चाकांखाली लिंबं ठेवली. मी शेजारचं दार उघडून धरलं.

"तू बस," आई माझ्या बायकोला म्हणाली.

"नाही आई, पहिला मान तुमचा."

"अगं, बसेन मी. पण या गुडघ्यांनी यातून उठणार कशी?"

दोघींचा आग्रह काही संपेना. शेवटी त्या दोघी रिक्षाने निघाल्या आणि मी शेजारच्या सीटवर नारळ, पेढे ठेवून त्यांच्या मागे.

गाडी छान आहे. पाय नुसता टेकवला की झेपावते. स्पीडब्रेकरला पोट घासतं, ते चालायचंच. हिचं स्वप्न मी कितीतरी वर्षं पाहिलं. त्यात शेजारी कोण बसलेलं असायचं, ते आठवून पाहिलं. कोणीच नसायचं.

छत उघडं होतं, त्यामुळे पुढच्या रिक्षातलं दोघींचं हसणं ऐकू येत होतं. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं, रिक्षा बाजूला घेतली आणि हात बाहेर काढून मला पुढे जायची खूण केली.

मी मागेच राहिलो.