दुसरीच्या नावावरची हजेरी

इस्पितळाच्या लाँड्रीत तिला सगळे थोरलीच म्हणत, कारण तिची धाकटी जाऊही तिथेच कामाला होती. बावीस वर्षं थोरलीने रक्ताच्या चादरी आधी गार पाण्यात भिजवल्या, मग यंत्रात घातल्या आणि ओल्या चादरीचं दुसरं टोक धरायला धाकटीला हाक मारली. ब्लीचने बोटांच्या बेचक्या सोलवटून गेल्या, तरी कागदावर ती कंत्राटदाराची तात्पुरती बाईच राहिली.

कोर्टात जायचं तिनेच काढलं. एकेकीच्या घरी खेटे घालून स्वतःसकट बत्तीस जणी जमवल्या. मुकादम म्हणाला, "चादरी धुता धुता आता साहेबांनाही धुणार वाटतं?" भिजत तर घालते, ती म्हणाली.

वकीलबाई वयाने लहान, पण शब्दाच्या पक्क्या होत्या. हा एकीच्या नोकरीचा खटला नाही, त्या सांगत. आपण जिंकलो तर इतर इस्पितळांतल्या बायकांनाही वाट मोकळी होईल. म्हणून प्रत्येक पाऊल बायकांनीच, बैठकीत हात वर करून ठरवायचं. अर्जावर पहिलं नाव थोरलीचं लागलं.

मग हजेरीबुकं हाती आली. कायम व्हायला अर्जाच्या आधीची सलग पाच वर्षांची हजेरी हवी होती आणि थोरलीच्या नावापुढे तीन महिने कोरे होते. त्या महिन्यांत धाकटी अंथरुणाला खिळली होती. फार खाडे झाले की जागा जायची. म्हणून थोरलीने मुकादमाला गळ घालून स्वतःची हजेरी धाकटीच्या नावावर लावून घेतली. तिला स्वतःला काढून टाकायची मुकादमाची छाती नव्हती, एवढं ती जाणून होती. आजारी बाईचं नाव असं जिवंत ठेवायची लाँड्रीतली रीतच होती. कोणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

वकीलबाईंनी काही लपवलं नाही. हे कोर्टात सांगितलं तर समोरचा वकील अख्खं हजेरीबुकच खोटं ठरवणार आणि सगळ्याच बुडणार. नाही सांगितलं तर थोरलीचं नाव अर्जातून काढावं लागणार.

"निर्णय तुमचा," त्या म्हणाल्या आणि खाली बघत बसल्या.

नाव काढायच्या बाजूने एकेक हात वर जाऊ लागला. थोरली एकच हात बघत होती. धाकटी आधी खोकली, मग नखं निरखत बसली. शेवटी तिचाही हात वर गेला.

निकालाला चार वर्षं लागली. एकतीस जणी कायम झाल्या. कंत्राट रद्द झालं आणि त्यात उरलेली एकुलती एक बाई घरी बसली. धाकटी रोज सकाळी गळ्यात नवं ओळखपत्र अडकवून तिच्या दारावरून जायची. एकदा थांबून म्हणाली, "ताई, मी तरी काय करणार होते?"

"हात खाली ठेवायचा," थोरली म्हणाली.

पुढे दुसऱ्या एका इस्पितळातल्या बायकांनी खटला करायचं ठरवलं. लढायचं कसं ते सांगायला वकीलबाईंनी थोरलीला नेलं. ती उभी राहिली.

"हजेरी आपली आपल्याच नावावर लावा," ती म्हणाली. "जाऊ मरायला टेकली असली तरी."

बायका हसल्या. थोरली त्यांचं हसू ओसरेपर्यंत थांबली आणि तेच पुन्हा एकदा सांगून खाली बसली.